बिनतारणी पोरगा

माणसाची किंमत करू नये, असं आमचे वडील नेहमी म्हणत. आणि संध्याकाळी बाजारातून परत आले, की पिशवी खाली ठेवायच्या आत तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांची किंमत करून मोकळे होत. "तो ना? चार आण्याचा माणूस!" "आणि ते मास्तर? लाखमोलाचा गृहस्थ!" म्हणजे किंमत करायची नाही हे तत्त्व, आणि केलीच तर चार आणे किंवा एक लाख करायची, मधली नाही, हा व्यवहार. पुढं मी बी. कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो, तेव्हा चार आणे आणि लाख यांच्या मध्येही पुष्कळ आकडे असतात, असं मला कळलं.

आता बघा, बँकेत आम्ही दिवसभर दुसरं करतो काय? माणूस काउंटरसमोर येऊन उभा राहतो. तो आईला सांभाळतो, शेजाऱ्याच्या लग्नात रात्रभर पाणी भरतो, या सगळ्याला आमच्या फॉर्मात रकाना नाही. आमच्याकडे येतो त्याचा सिबिल स्कोअर. तीनशे ते नऊशेमधला एक आकडा. तो चांगला असला की साहेब "बसा" म्हणतात. वाईट असला की माणूस आपणहूनच उभा राहतो. गेली बावीस वर्षं मी हे बघतो आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात मला कधी काही गैर वाटलं नाही. माणसाची किंमत करताना लाज वाटावी, असा प्रसंग माझ्यावर बँकेच्या कामात आलाच नाही. तो आला कबड्डीपायी.

रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डी हा खेळ नाही, तो ऋतू आहे. पाऊस सरला, भात झोडून झालं, की मांडव्यापासून मुरुडपर्यंत गावोगाव माती चाळून मैदानं तयार होतात. रात्री दिवे लागतात, कर्णा बोंबलायला लागतो, आणि दिवसा काउंटरवर "साहेब, जरा लवकर" म्हणणारा माणूस रात्री दोन वाजेपर्यंत बांबूच्या कठड्याला टेकून उभा राहतो. वडिलांच्या वेळी याला हुतूतू म्हणत. तेव्हा जिंकणाऱ्याला ढाल मिळायची आणि हरणाऱ्याला सबब. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, बारा लाख ऐंशी हजार. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ साली छत्तीस लाख चाळीस हजारांना गेला आणि पुढच्याच वर्षी एक कोटी पंचेचाळीस लाखांना. एका वर्षात चौपट! आमच्या बँकेत मुदत ठेव चौपट व्हायला माणसाला नातू व्हावा लागतो.

मोठ्या लीगमध्ये लिलाव झाला, की छोट्यांना चैन कुठली पडायला? आमच्या किनाऱ्यावरच्या आठ गावांनीही आपली लीग काढली. आणि त्या लीगवर आमच्या शाखेनं काढली एक वही.

वहीचा कारभार असा. शाखेतले आम्ही पाच जण आणि समोरच्या टपरीचा चहावाला, असे सहा 'मालक'. प्रत्येकाला शंभर कागदी कोटी. लीग सुरू व्हायच्या आधी शुक्रवारी संध्याकाळी कॅश जुळली, की शटर अर्धं ओढून लिलाव. प्रत्येकानं सात गडी घ्यायचे. ते गडी मैदानात खरे गुण मिळवणार, आम्ही ते वहीत मांडणार. एक गडी टिपला, एक गुण. बोनसचा एक. एका चढाईत तिघे टिपले तर वर दोन बक्षीस. चढाई करताना पकडला गेला, तर अर्धा वजा. यात पैशाचा व्यवहार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हा मोबाईलवर टीम लावणाऱ्यांची तोंडं उतरली. आमच्या वहीला मात्र धक्का लागला नाही. आमच्याकडे एवढंच, की जो शेवटचा येईल, त्यानं सगळ्यांना पापलेटचं जेवण घालायचं. आता पापलेटचा भाव बघता ही शिक्षा कायद्याच्या शिक्षेपेक्षा कडक आहे, पण तो भाग वेगळा.

गोष्ट आहे २०२३ च्या डिसेंबरातली. त्या आधीच्या वर्षी मी शेवटचा आलो होतो. तेव्हा या खेपेला अभ्यास करून लिलावाला बसायचं, असं मी ठरवलं. आमच्यात जिंकतात ते हेडकॅशियर. ते नोट उजेडाकडे धरून बघतात, तसे खेळाडूकडे बघतात. काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात, आणि ती मान ज्याच्यावर हलली तो पोरगा हंगामभर गुण देतो. मला ती दृष्टी नाही. मला आकडे लागतात.

म्हणून मी न्यू जर्सीतल्या भाच्याला गाठलं. तो तिकडं अमेरिकन फुटबॉलच्या कागदी टीम लावतो. हा उद्योग तिथं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ओकलंडच्या काही मंडळींनी काढला म्हणे, म्हणजे आमची वही फार नवी आहे असं समजायचं कारण नाही. भाचा तेव्हा कॉलेजातल्या कुठल्याशा 'वाइड रिसीव्हर'चा अभ्यास करत होता. वाइड रिसीव्हर म्हणजे कडेनं सुसाट पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा गडी. (त्या फुटबॉलात पायापेक्षा हाताचं काम जास्त. नाव कोणी ठेवलं कोण जाणे.) कॉलेजातल्या निवडक पोरांना दरवर्षी इंडियानापोलिस गावी बोलावतात, चाळीस यार्ड पळवतात, जागच्या जागी उडी मारायला लावतात आणि हाताचा पंजा मोजून घेतात. आमच्याकडं मुलगी बघायला गेले की चालून दाखव म्हणत असत. पंजा मोजल्याचं मात्र ऐकिवात नाही.

"आणि एवढं मोजून बरोबर येतं का रे?" मी विचारलं.

"कुठलं, मामा! १९८५ साली जेरी राइस नावाच्या रिसीव्हरला सोळाव्या नंबरवर घेतलं. त्याच्या आधी दुसरे दोन रिसीव्हर उचलले होते. हा आपला लहानशा कॉलेजातला. आणि पुढं वीस हंगाम खेळून सगळ्यांत जास्त झेल याचेच!"

"मग बघायचं तरी काय?"

"पोराकडे बघायच्या आधी त्याला चेंडू फेकणारा कोण आहे ते बघ. फेकणारा आंधळा असेल तर झेलणाऱ्याचे हात काय चाटायचेत?"

हे वाक्य मला एकदम पटलं, कारण कबड्डीत नेमकं हेच आहे. चढाई करणारा पोरगा बाद झाला की बाहेर बसतो. तो आत केव्हा येणार? त्याच्या संघानं समोरचा गडी टिपला की. म्हणजे त्याच्या मागचे कोपरेवाले पकडी करणारे नसतील, तर हा कितीही चपळ असला तरी अर्धा सामना बाकावर पाणी पीत बसणार. एकट्याचा म्हणून जो पराक्रम आपण वहीत मांडतो, त्यातला निम्मा दुसऱ्यांच्या खात्यातला असतो. माझ्या बढतीचंही तसंच झालं असावं, असा एक विचार मनात आला. पण मला बढती मिळालेली नसल्यामुळे तो पुढं गेला नाही.

असा गुरुमंत्र घेऊन मी पोरगा शोधायला लागलो, आणि मला तो सापडला. चौलच्या पुढच्या एका गावातला, अलिबागच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि तोही कॉमर्सचा! (नाव सांगत नाही. या गोष्टीत लाज वाटण्यासारखं जे काही आहे ते माझं आहे, त्याचं नाही.) बाप मच्छीमार बोटीवर, आई मासळी विकणारी. अंगानं काटक, सहासष्ट किलो. लीगमध्ये त्याला कोणी ओळखत नव्हतं. म्हणजे स्वस्तात मिळणार!

मी आठवडाभर बँक सुटल्यावर स्कूटर काढून त्याचा सराव बघायला गेलो. मोबाईलवर सेकंद मोजायचे, वहीत टिपायचं. तीस सेकंदांच्या चढाईत हा पहिले पंधरा सेकंद काहीच करत नसे. नुसता निदानरेषेवर झुलायचा, जणू बस चुकलेला माणूस. समोरच्याचा पाय जरा पुढे आला, की याचा हात लागून हा मध्यरेषेवर परतलेला. तिसऱ्या चढाईला, म्हणजे गुण नाही आणला तर बादच, अशा वेळी मोठमोठे गडी घाबरतात. हा तेव्हाही तसाच झुलायचा. मी वहीत लिहिलं : 'दम उत्तम. घाई नाही. कोपरारक्षक दोन्ही मजबूत. मॅटवरचा अनुभव नाही, पण आपली लीग मातीवर. शिफारस : मंजूर.'

एकदा सराव संपल्यावर त्याच्या घरावरून येताना माझ्या हातात वही होती. ओट्यावर त्याची आजी बसली होती. तिनं मला ओळखलं, वही बघितली आणि आत हाक मारली, "अगं, बँकेचा साहेब आलाय! हप्ता भरलाय ना आपण?" मी म्हटलं, "आजी, हप्त्याचं नाही. नातवाला बघायला आलो होतो." त्यावर ती जास्तच घाबरली. "त्याला कशाला नेता? त्याच्या नावावर काहीच नाही!" शेवटी चहा झाला आणि समजूत पटली. पण आज वाटतं, वही घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाविषयी त्या म्हातारीचा पहिला अंदाजच बरोबर होता.

लिलाव शुक्रवारी होता. गुरुवारी आमच्या शाखेत सोनेतारण कर्जाचा दिवस. सराफ येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो, त्याच्याजवळ काटा आणि कसोटीचा दगड. कागदपत्रं माझ्याकडे. साडेअकराच्या सुमारास पोराची आई आली. रुमालात चार बांगड्या. सराफानं एक एक बांगडी घेतली, दगडावर रेघ ओढली, ॲसिडचा थेंब टाकला, वजन केलं, आतली लाख वजा केली आणि आकडा सांगितला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सोन्याच्या किमतीच्या शंभरातले जास्तीत जास्त पंचाहत्तर रुपये कर्ज. ती मान हलवत होती. मी फॉर्म भरत होतो. 'कर्जाचे कारण' हा रकाना आला.

"कशासाठी लिहू?"

ती जरा पुढे वाकली. "पोराचा गुडघा, साहेब. सोमवारी खेळताना वळला. पनवेलला नेऊन फोटो काढला, तर आतली शीर तुटली म्हणतात. लिगामेंट का काय. ऑपरेशन सांगितलंय. वर्षभर खेळायचं नाव नाही." आणि मग आणखी हळू, "कुठं बोलू नका, साहेब. रविवारी तो कप्तानाला आपल्या तोंडानं सांगणार आहे. त्याआधी बाहेरून कळलं तर त्याला बरं नाही वाटायचं."

आता वाचकहो, एखाद्या बाईचा विशीतला पोरगा जायबंदी झाला, तिनं हातातल्या बांगड्या टेबलावर ठेवल्या, हे ऐकल्यावर सभ्य माणसाच्या मनात पहिला विचार कोणता यायला हवा, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. माझ्या मनात आला तो असा : 'मेलो! माझी टीम गेली!'

बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ बरं. पण लगेच दुसरा विचार आला : 'बरं झालं, आजच कळलं.' आणि त्याच्या मागोमाग तिसरा, तो तर अगदी नटून-थटून आला : 'उद्या हेडकॅशियरना हा गडी खपवता येईल.'

हे तीनही विचार यायला मला किती वेळ लागला असेल? एक चढाई तरी लागली असेल का? तेवढ्यात माझं लक्ष त्या कसोटीच्या दगडाकडे गेलं. त्यावर तिच्या बांगडीची पिवळी रेघ तशीच होती. तिच्या सोन्याची किंमत तिच्या डोळ्यांसमोर झाली होती, दगडावर रेघ होती, कागदावर सराफाची सही होती, चूक झाली तर उद्या सराफाला धरता येत होतं. आणि तिच्या पोराची किंमत मी तिच्या पाठीमागं आठवडाभर करत होतो, आणि ती आत्ता, तिच्यासमोर, तिला न सांगता, शून्यावर आणली होती. मी रकान्यात 'वैद्यकीय खर्च' असं लिहिलं आणि मान खाली घालून शिक्के मारत बसलो. त्या दिवशी एका फॉर्मवर मी तीन शिक्के जास्त मारले.

रात्री झोप येईना. आमची पुतणी तेव्हा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. त्यांना नीतिशास्त्राचा अख्खा पेपर असतो. (परीक्षेला बसणाऱ्यांना नीतिशास्त्र, पास झालेल्यांना ऐच्छिक.) तिचं पुस्तक मी सहज चाळायला घेतलं. त्यात कांट नावाचे एक जर्मन तत्त्वज्ञ निघाले. आम्हाला बी. कॉम.ला कांट नव्हता, कॉस्टिंग होतं. तर या कांटसाहेबांनी १७८५ साली असं मांडून ठेवलंय, की जिच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू आणून ठेवता येते तिला किंमत असते. आणि जिच्या जागी दुसरं काही ठेवताच येत नाही, तिला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. माणूस हा या दुसऱ्या रकान्यातला.

वाचून मी उठून बसलो. कारण आमच्या वहीत सहावा नियमच आहे : 'गडी जखमी झाल्यास पहिल्या सामन्यापूर्वी कारण सांगून बदली गडी घेता येईल.' म्हणजे त्या पोराच्या जागी दुसरा पोरगा ठेवला की माझी वही पुन्हा चोख. त्या पोराच्या आईच्या वहीत मात्र असा सहावा नियम नव्हता.

पण कांटसाहेबांशीही माझं पुरतं जमेना. ते बँकेत नव्हते. किंमत करायचीच नाही म्हटलं तर जग चालतं कसं? कप्तानाला सातच गडी उतरवायचे असतात. आठव्याला तो बाकावर बसवतो, तेव्हा त्यानं दोघांची किंमतच केलेली असते. डॉक्टर करतो, परीक्षक करतो, मुलीचा बाप करतो. गावच्या कर्ण्यावर "आजचा सर्वोत्कृष्ट चढाईपटू" असं पुकारतात, तेव्हा त्याच पोराची छाती फुगते. किंमत मुळीच न केलेली माणसाला आवडत नाही, हेही बावीस वर्षं काउंटरवर बसून बघितलंय. मग माझं चुकलं कुठं?

रात्री दोनच्या सुमारास मला आमचा कर्जाचा फॉर्म आठवला, आणि उत्तर सापडलं. आमच्या फॉर्मवर माणसाची किंमत दोघे जण करतात. एक मी. मी आकडे बघतो, टिपण लिहितो आणि पाच वाजता घरी जातो. कर्ज बुडालं तरी माझा पगार चुकत नाही. दुसरा असतो जामीनदार. तो शेजारी असतो, मामा असतो, बोटीवरचा सोबती असतो. त्याला सिबिल म्हणजे काय ते माहीत नसतं. तो म्हणतो, "पोरगा चांगला आहे," आणि खाली सही करतो. पोरगा चांगला नाही निघाला तर तो हप्ते भरतो. दोघांनी एकाच माणसाची किंमत केली. पण एकानं ती लांबून केली आणि दुसऱ्यानं आपल्या खिशात हात घालून. माणसाची किंमत करायला हरकत नाही, पण ती चुकली तर झीज सोसायला आपण हजर पाहिजे. नफ्याला आपण आणि तोट्याला त्याचा गुडघा, हा हिशेब खोटा. मी त्या पोराच्या गुणांत आठवडाभर भागीदार होतो. गुडघ्यात भागीदार व्हायची वेळ आली, तेव्हा मी बदली गडी शोधत होतो.

हे सगळं रात्री फार छान वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढलं गेलं आणि अडचण लक्षात आली.

कारण मी गेला आठवडाभर स्कूटरवरून कुठं जातो, हे अख्ख्या शाखेला माहीत होतं. त्या पोराचं नाव पुकारलं आणि मी गप्प बसलो, तर चहावाल्याला दोन मिनिटांत संशय येणार, दहा मिनिटांत खात्री होणार, आणि रात्री आठच्या आत ती बातमी कप्तानाच्या ओट्यावर. म्हणजे गप्प बसणं हेच बोलणं. खरं कारण सांगावं, तर ग्राहकानं काउंटरवर सांगितलेली गोष्ट बाहेर काढल्याचं पाप, शिवाय त्या आईला दिलेला शब्द. आणि हेडकॅशियरना घेऊ द्यावं, तर ती सरळ फसवणूक. थोडक्यात, तो पोरगा मीच घ्यायला हवा होता.

"पाच!" मी म्हणालो.

हेडकॅशियरनी मान हलवली. "दहा."

मला घाम फुटला. त्यांनी पोराला एकदाही पाहिलं नव्हतं. ते त्याच्यावर बोली लावत नव्हते, माझ्या आठ दिवसांच्या पेट्रोलवर लावत होते. "बारा." "अठरा." "वीस." "सव्वीस." माझ्या प्रामाणिकपणाचा भाव दर मिनिटाला असा चढत होता, आणि खाली उतरायची सोय नव्हती. अडतीसवर हेडकॅशियरनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडे नोट उजेडाला धरावी तसं बघितलं. "चाळीस," मी म्हणालो. माझा आवाज फुटला. त्यांना ती जिद्द वाटली. ते थांबले.

उरलेल्या साठ कोटींत मी सहा गडी घेतले. त्यातला एक हंगामाच्या मध्यात लग्न झालं म्हणून आला नाही आणि एक पंचाशी भांडून घरी गेला. रविवारी पोरानं कप्तानाला सांगितलं. सोमवारी बातमी शाखेत आली. "अरेरे!" सगळे म्हणाले. "वाईट नशीब तुमचं!" पोराचं नव्हे, माझं. मला फार विचित्र वाटलं, पण मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार? सहाव्या नियमाप्रमाणे बदली गडी घ्या, असा आग्रह झाला. मी म्हटलं, राहू दे. त्या पोराच्या नावापुढं मी हंगामभर शून्य मांडत गेलो, आणि रीतसर शेवटचा आलो. पापलेट आणलं ते त्याच्याच आईकडून. तिनं भाव कमी केला नाही. मीही मागितला नाही.

पोराचं ऑपरेशन झालं. नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात पुन्हा रुळल्या, आणि दिवाळीच्या आधी त्याच्या आईनं व्याजासकट पैसे भरून बांगड्या सोडवल्या. सराफानं काट्यावर घालून दाखवल्या. वजन तेवढंच. हल्ली तो पोरगा स्वतःच गुडघ्यावरचा व्रण दाखवत सगळ्यांना ही कथा सांगतो, म्हणूनच मी इथं लिहू शकतो.

२०२४ च्या डिसेंबरात, लिलावाच्या आदल्या दिवशी, तो पासबुक भरायला आला. जरा जपून चालत होता.

"काका, गेल्या वर्षी तुम्ही मला चाळीस कोटींना घेतलं होतं म्हणे?"

"घेतलं होतं."

"आईनं तुम्हाला सांगितल्यानंतर?"

"हे पासबुकाचं मशिन आज फार हळू चालतंय," मी म्हणालो.

तो हसला. मला वाटलं आता काही तरी हृद्य बोलणार, म्हणून मी मशिनकडेच बघत राहिलो. पण तो कॉमर्सचा होता. "पवन सेहरावतचं बघितलं ना, काका? २०२२ मध्ये सव्वादोन कोटींच्या वर घेतला आणि पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. अख्खा हंगाम बाहेर. पुढच्या वर्षी त्याची बोली आणखी वर, दोन कोटी साठ लाखांच्या पुढं. आणि तो संघ आला तळाला!"

"म्हणजे?"

"म्हणजे या वर्षी माझ्यावर बारा कोटींच्या वर जाऊ नका. सामन्याला पाच-सहा चढायाच करायला सांगितल्यात. तिसऱ्या चढाईला तर मी जाणारच नाही. आणि डावा कोपरा यंदा दुसऱ्या गावाकडून खेळतोय, मी बाद झालो तर लवकर आत यायचा नाही."

मी बघतच राहिलो. बावीस-तेवीस वर्षं काउंटरवर बसलो, पण स्वतःची किंमत इतकी नेमकी, कारणांसकट आणि कमी सांगणारा ग्राहक मला भेटला नव्हता. माणसं उत्पन्न वाढवून सांगतात, देणं दडवून ठेवतात. मी आठ दिवस सेकंद मोजून जे काढलं नव्हतं, ते यानं पासबुकाचं पान उलटायच्या आत सांगितलं. या अख्ख्या वर्षात त्याची किंमत त्यालाच विचारावी, असं मला काही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढलं गेलं. त्याचं नाव पुकारलं. गुडघ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असल्यामुळं कोणी तोंड उघडेना. मी म्हटलं, "दहा." हेडकॅशियरनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "बारा."

"तेरा," मी म्हणालो. बारा त्यानं सांगितले होते. वरचा एक माझा.